काचेवरचं बोट

तिकीट फाडल्याशिवाय सीटवर बसायचं नाही, हा बाबांचा नियम. नोकरीत असताना तो प्रवाशांसाठी होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो स्वतःलाच लावून घेतला. बसवर कंडक्टर होते. दवाखान्यात गेलो तरी नंबराची चिठ्ठी हातात पडेपर्यंत बाकावर टेकायचे नाहीत. आई म्हणायची, "हा माणूस वरसुद्धा दारातच उभा राहणार, तिकीट कोण फाडतं बघत."

मला ते 'डबल' म्हणत. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या बसमधून फिरायचे. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, आणि ती दोनवाली घंटा वाजवायचा हट्ट माझा. पुढे मी मोठी झाले, चष्मा लागला, केस पिकायला लागले, तरी 'डबल'च राहिले. बाबांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा बाकीची नावं भराभर गेली, हे मात्र टिकलं होतं. मग एक दिवस हेही गेलं आणि मी 'मॅडम' झाले. सकाळी चहाचा कप हातात दिला की विचारायचे, "मॅडम, आपण कुठे उतरणार?" पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा बाथरूमचा नळ सोडून रडले. नंतर "शेवटच्या स्टॉपला" असं सांगायची सवय झाली.

विसरणाऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. एका जुन्या इमारतीचा तळमजला, लांबलचक दालन, गोल टेबलं, कडा घासून गोल केलेल्या खुर्च्या, आणि दाराशी भिंतीवर एक मोठा टचस्क्रीन. त्या स्क्रीनवरचं पान माझं. मी वेबसाइट बनवते, आणि बाबांचं नाव तिथे घालायचं ठरलं तेव्हा बाईंनी, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या बाईंनी, सहज विचारलं होतं की हजेरीचं काही सोपं करता येईल का.

मी केलं ते असं. जो येईल त्याचा त्या दिवशीचा फोटो काढायचा आणि तो एका कार्डावर स्क्रीनवर आणायचा. आलेल्याने आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवून उचलायचं. उचललं की टिंग वाजतं आणि बाईंच्या आवाजात ऐकू येतं, "आलात? बसा." रोज नवा फोटो अशासाठी, की जुन्या फोटोतला माणूस यांना परका वाटतो, पण अंगात आत्ता असलेला स्वेटर ओळखता येतो. संध्याकाळी केंद्र बंद होताना पान स्वतःला पुसून घेतं आणि सगळे फोटो कायमचे जातात. कोणाचा चेहरा कुठे साठून राहू नये, म्हणून तेही मीच बसवलं होतं.

सगळं झकास चाललंय अशा समजुतीत मी होते. एका सकाळी ऑफिसची मीटिंग रद्द झाली म्हणून बाबांना सोडल्यावर मी तिथेच रेंगाळले, आणि बघितलं.

बाबांनी स्क्रीनवरच्या आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, उचललं. काही नाही. पुन्हा टेकवलं. काही नाही. बाई ओला रुमाल घेऊन आल्या आणि सराईतपणे त्यांचं बोट पुसून म्हणाल्या, "या वयात बोटं कोरडी पडतात ना, काचेला कळत नाही." ओलं बोटही काचेला कळलं नाही.

"बसा ना, बाबा," मी म्हटलं.

"तिकीट?"

"रोज असंच होतं?" मी बाईंना विचारलं.

"अगदी रोज. जेवणापर्यंत इथेच उभे असतात. आम्ही खुर्ची आणून ठेवतो, पण टेकत नाहीत. पाय सुजतात हो त्यांचे." बाई ओशाळल्या. "तुम्ही इतकं आपुलकीनं करून दिलंत, नावं कशी ठेवायची? आणि बाकी सगळ्यांचं नीट चालतं. पहिल्या दिवशी तर यांनी टेकवलेलं बोट उचललंच नाही. तेवढ्यात आमची गाडी आली, स्क्रीनवर सगळे चेहरे भराभर येऊन सरकायला लागले, यांचा चेहरा बोटाखालून कुठल्या कुठे गेला, तरी हे आपले बोट दाबूनच. शेवटी मीच हात धरून बाजूला घेतलं."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, नम्र अशी शंका होती. "मॅडम, या पाटीला मी दिसत नाही. म्हणजे मी आलोच नसेन."

ते वाक्य मला इतकं लागलं की मी तिथेच जमिनीवर लॅपटॉप उघडून बसले.

चूक सापडायला वेळ लागला नाही. आमच्या धंद्यात नवशिक्यांना पहिल्या महिन्यात जी चूक करू नका म्हणून सांगतात, ती मी केली होती. स्पर्श ऐकायला कोणीतरी बसवावं लागतं; त्याला आम्ही लिसनर म्हणतो. मी पान उघडताक्षणी स्क्रीनवर असतील त्या प्रत्येक कार्डावर एकेक लिसनर बसवला होता. बाकीचे लोक केंद्राच्या गाडीने येतात. गाडीतली ताई चढतानाच त्यांचे फोटो काढते आणि गाडी पोचल्यावर बाई पान उघडतात, त्यामुळे त्यांची कार्डं आधीच हजर. बाबा एकटे माझ्याबरोबर, माझ्या सोयीने, उशिरा. त्यांचं कार्ड नंतर येऊन बसायचं, आणि नंतर आलेल्याचं ऐकायला कोणी नेमलेलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ते गाडीच्या आधी पोचले, तर गाडी आल्यावर सगळी मांडणी बदलून त्यांचं कार्ड बोटाखालून गेलं. आणि इकडे रोज त्यांची बोटं पुसणं चाललेलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

उपायही नेहमीचाच. प्रत्येक कार्डावर लिसनर बसवायचाच नाही. सगळी कार्डं ज्या चौकटीत येतात त्या चौकटीवर एकच बसवायचा. कार्डावर झालेला स्पर्श तिथेच संपत नाही, तो एकेक पायरी वर चढत चौकटीपर्यंत येतो. मग कार्ड सकाळचं असो, दुपारचं असो, अजून यायचं असो, चौकट त्याचं ऐकते. मी चार ओळी काढल्या, दोन घातल्या.

"बाबा, आता लावा बोट."

टिंग. "आलात? बसा."

बाबा दचकले. मग शर्टाची कॉलर सारखी केली आणि मोठ्या रुबाबात जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. गोल टेबलावरच्या गार्डसाहेबांनी, म्हणजे रेल्वेत गार्ड असलेल्या एका आजोबांनी, टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या.

चहा चालू असताना पुन्हा टिंग वाजलं. "आलात? बसा."

दाराशी कोणी नव्हतं. स्क्रीनसमोर कोणी नव्हतं.

"आले की," गार्डसाहेब म्हणाले आणि बिस्किट बुडवायला लागले.

असले प्रकार मला नवे नाहीत. काचेवर माशी बसते, ओल्या रुमालाचा थेंब ओघळतो, एकच स्पर्श दोनदा मोजला जातो. मी काच कोरडी पुसली आणि पुढच्या वेळी कुठल्या कार्डावर स्पर्श झाला ते माझ्या लॅपटॉपवर दिसेल अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी रजाच काढली. सकाळी बाबांचं बोट, टिंग, ते बसले. चहाच्या वेळेला पुन्हा टिंग, आणि लॅपटॉपवर कार्ड उमटलं.

बाबांचंच होतं. फोटोतले बाबा हिरव्या स्वेटरमध्ये होते आणि स्वेटर उलटा घातलेला होता. समोर खुर्चीत बसलेले बाबा पांढऱ्या शर्टात होते.

स्क्रीनवर हिरव्या स्वेटरचं कार्ड नव्हतं. असणार कसं? ते कधीतरी संध्याकाळी पुसलं गेलं होतं. आणि पुसलेल्या कार्डाचा स्पर्श चौकटीपर्यंत पोचू शकत नाही, कारण त्याला चौकटच उरलेली नसते. जिना काढून घेतल्यावर वर कसं चढणार? हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं थोडंच काही ठाऊक असेल.

"मॅडम," बाबा एकदम बोलले, "त्या बाईंना सांगा, छत्रीची मूठ मी मोडली नाही. आधीच सैल होती."

बाई चहाची किटली घेऊन तिथेच थांबल्या. "अहो, हे त्यांना आठवतंय? गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे. स्वेटर उलटा घालून आले होते, त्याच दिवशी माझी छत्री मोडली."

बाबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही.

मी तेव्हा घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, बारीकसा, अवघड कोडं समोर आल्यावर होतो तसा. मी स्क्रीनची तार बदलली. पान दुसऱ्या मशीनवर चालवून बघितलं. माझ्या घरच्या टॅबलेटवर तासन्‌तास उघडं ठेवलं. तिथे काहीही झालं नाही. जुने फोटो कुठे उरलेत का म्हणून कानाकोपरा धुंडाळला, एक नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. केंद्रातल्या स्क्रीनवर मात्र रोज चहाच्या वेळेला टिंग वाजत होतं, कधी दोनदा, कधी तीनदा, आणि दर टिंगला बाबांना एक दिवस परत मिळत होता. अख्खा दिवस. जेवणात मीठ कमी होतं तो, गार्डसाहेब पत्त्यात रडीचा डाव खेळले तो, मी त्यांना न्यायला आले तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता तो. मी बाईंकडून, ताईकडून एकेक गोष्ट पडताळून घेतली. एकही चुकीची निघाली नाही.

माझा अंदाज बसायला लागला. बाबांनी बोट टेकवलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं, असे ते दिवस. आता चौकटीवर ऐकणारा बसला होता, आणि ते स्पर्श उशिरा का होईना चढून येत होते. हे कसं, ते मला सांगता येत नव्हतं. पण क्रम लागत होता. आधी अलीकडचे, मग त्याच्या मागचे, मग त्याच्याही मागचे. फोटोतल्या बाबांचे केस दर टिंगला जरा काळे होत होते. मध्ये एकदा न्हाव्याने बारीक केले होते, ते पुन्हा लांब झाले.

म्हणजे हे पहिल्या दिवसापर्यंत जाणार होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना दारात सोडून घाईने निघाले होते. मागून हाक आली होती, "डबल, लवकर ये गं!" मी न वळता हात हलवला. संध्याकाळी न्यायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, ही गाडी कुठे जाते?" त्यानंतर ते नाव मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसाची मी अशी वाट बघायला लागले की ऑफिसात कामाचे बारा वाजले. साहेबांनी विचारलं तर वडील आजारी आहेत म्हटलं. खोटं नव्हतं. घरी बाबा मला अजून मॅडमच म्हणत होते, पण मॅडमबद्दल त्यांना रोज थोडं जास्त आठवत होतं. "मॅडम, तुमची चप्पल शिवून घेतलीत का?" असं विचारायचे. मी हो म्हणायचे आणि पाठ फिरवून घ्यायचे.

तो दिवस आला तेव्हा ऊन छान पडलं होतं. खिडक्यांचे पडदे सारलेले होते. बाबा पहिल्या खुर्चीत, गार्डसाहेब पत्ते पिसताहेत, बाई ताईशी भाजीबद्दल काही बोलताहेत. मी स्क्रीनच्या शेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप.

टिंग वाजलं नाही.

लॅपटॉपवर मात्र कार्ड उमटलं. निळा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि फोटोच्या कडेला माझा कोपर, पर्सच्या पट्ट्यासकट. खाली नोंद आली होती: बोट टेकलं.

मी पुढच्या नोंदीची वाट बघितली. टेकलेलं बोट उचललं जातं. प्रत्येक स्पर्शाचे दोन भाग असतात, आणि माझा कोड टिंग वाजवतो तो दुसऱ्या भागाला.

दुसरा भाग आला नाही.

मी वर बघितलं. स्क्रीनच्या रिकाम्या जागेत, गाडी यायच्या आधी पहिलं कार्ड जिथे बसतं तिथे, काचेवर वाफ धरली होती. बोटाच्या टोकाएवढी. तिच्या मधोमध एक चपटी कोरडी खूण होती, आणि तिच्यात बारीक रेषा.

मी रुमाल उचलला आणि परत खाली ठेवला.

"डबल?"

मी वळले.

"अगं, इथे काय करतेस? ऑफिस नाही तुला?" बाबा खुर्चीतून मला बघत होते. मलाच. "आणि हे काय, केस किती पांढरे झाले गं तुझे! रंग संपला की पैसे?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी लहान मुलीसारखी रडले आणि ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. डाव्या हाताने. बाई डोळे पुसत होत्या. गार्डसाहेब म्हणाले, "आली की," आणि पत्ते वाटायला लागले.

दिवसभर आम्ही बोललो. आईबद्दल, जुन्या बसबद्दल, मी दोन घंटा वाजवल्या आणि एक आजीबाई खालीच राहिल्या त्या दिवसाबद्दल. त्यांना माझ्या घटस्फोटाचंही आठवलं. "बरं झालं," म्हणाले, "तो बिनतिकिटाचा होता." मी पोट धरून हसले.

जेवताना त्यांनी चमचा डाव्या हातात घेतला तेव्हा मी पहिल्यांदा उजव्या हाताकडे नीट बघितलं. हात मांडीवर होता. पहिलं बोट सरळ, जरा पुढे. नखाखालचा रंग गेला होता. आपण बोट कशावर तरी जोरात दाबलं की नख पांढरं पडतं, तसं. बोट कशावरच दाबलेलं नव्हतं.

"दुखतंय का, बाबा?"

"छे. बेलचं बटण धरल्यासारखं वाटतंय."

संध्याकाळी बाई स्क्रीन बंद करायला आल्या. मी त्यांच्या आडवी गेले.

"आजच्या दिवस राहू द्या चालू."

"अहो, पण ते सगळं पुसायचं..."

"मी काढलंय ते. आता पुसलं जाणार नाही." आणि खरंच काढलं होतं, दुपारीच. पान पुसलं की चौकट रिकामी होते, आणि मग ते अर्धं बोट कुठे टेकलेलं राहील ते मला माहीत नव्हतं. बाईंनी काचेवरच्या वाफेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दालनातले दिवे मालवायला गेल्या.

आता तो स्क्रीन कोणी वापरत नाही. हजेरीसाठी मी केंद्राला माझा टॅबलेट दिलाय, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर पडदा टाकलाय. वीज जाऊन तो बंद पडू नये म्हणून त्याला बॅटरी जोडली आहे. नवं कार्ड येणार नाही, जुनं सरकणार नाही, असं सगळं मी थोपवून ठेवलंय. रोज एकदा पडदा उचलून बघते. वाफ असते.

आणि बाबा मला ओळखतात. सकाळी दारावर टकटक करून "डबल, उठ गं" म्हणतात. डॉक्टर चकित आहेत. त्यांनी बोट तपासलं, टाचणी टोचून बघितली, रक्त पुरत नसेल म्हणून मलम दिलं. मी ते रोज चोळते. बोट काचेसारखं गार असतं.

गेल्या आठवड्यात चहा पिता पिता बाबांनी कप खाली ठेवला.

"डबल, एक विचारू?"

"विचारा ना."

"हात भरून आलाय गं. उचलू का आता?"

खिडकीतून ऊन येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. गाडी सुटायच्या आधी कोणी धावत येताना दिसलं की ते घंटेच्या दोरीला हात लावून थांबायचे, तसे थांबले होते.

"थोडं थांबा, बाबा," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि डाव्या हाताने कप उचलला.

आता रोज विचारतात. मीही रोज तेच सांगते. बोट उचललं की त्या दिवसाची संध्याकाळ होईल, आणि त्या संध्याकाळी मी मॅडम झाले होते. काल मलम चोळताना बघितलं, तो पांढरेपणा बाहीच्या आत गेलाय.